उजव्या खांद्यावरचा पदर

"मग सांगा ना मावशी, तिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

उत्पलाने चपला काढायच्याही आधी हे विचारलं. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

द्वारकामावशी खाटेवर बसून पेरू कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चपला भाईर," त्या म्हणाल्या.

उत्पलाने चपला काढल्या. एक उलटी पडली, एक सुलटी. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी खिडकीपाशी ओढण्यांना इस्त्री करत होते. मावशींकडच्या कापडांचं धुणं, खळ आणि इस्त्री माझ्याकडे असते. आल्यागेल्याचं बोलणं ऐकायचं काम मात्र मला कोणी दिलेलं नाही. ते मी आपणहून करते.

ज्यांना मावशी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वाईला नदीपलीकडे एक जुनी धर्मशाळा आहे, तिच्या मागच्या खोलीत त्या राहतात. तरुणपणी त्या एका नाटक कंपनीत नटनट्यांना वस्त्रं नेसवायच्या. कंपनी बुडाली, मावशी इथे आल्या, आणि हळूहळू बायका त्यांच्याकडे ओढणी घ्यायला शिकायला येऊ लागल्या. हसू नका. ओढणी काय, कोणालाही घेता येते, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती टाचणी न लावता एकदा अंगावर घ्यावी आणि दिवसभर राबून दाखवावं. शाळेतल्या बाई येतात, दवाखान्यातल्या सिस्टर येतात, स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली येतात. काही शिकून जातात. काही नुसत्या बसून जातात, आणि त्यांचंही काही बिघडत नाही.

मीही शिकायलाच आले होते. माझी ओढणी अजून मला न विचारता खाली पडते. म्हणून इस्त्री.

तर झालं असं होतं की, मावशींचे हात आताशा थरथरतात. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "येत्या दसऱ्यापासनं माझ्या जागी रेणुका बसंल."

रेणुका इथल्याच शाळेत शिकवते. उत्पला पुण्यात असते. तिचं ओढण्या-स्कार्फचं स्वतःचं दुकान आहे, मोबाइलवर तिचे व्हिडिओ गावोगावच्या बायका बघतात, आणि लग्नाच्या मोसमात तिला श्वास घ्यायला सवड नसते. दोघी एकाच वेळी मावशींकडे शिकायला लागल्या होत्या. मावशींचा निरोप संध्याकाळी पुण्याला पोचला आणि सकाळी उत्पला दारात उभी.

"बस," मावशी म्हणाल्या.

"बसायला नाही आले."

"मग उभी ऱ्हा."

मावशींनी पेरूची फोड तोंडात टाकली. उत्पला उभी राहिली.

"मला फक्त कारण सांगा. तुमचं नाव मी किती लांब नेलं, ते माहीत आहे तुम्हाला? प्रत्येक व्हिडिओत सांगते, मी वाईच्या द्वारकामावशींची शिष्या. रेणुकाने कधी घेतलंय तुमचं नाव?"

"तिला गरज न्हाई पडली."

मला हसू आलं. मी इस्त्री जरा जोरात दाबली.

"तिला येतं तरी काय हो? ओढणीचा एकच पदर. वर्षानुवर्षं तोच. कुर्त्यावर तोच, साडीवर तोच. मला काय काय येतं ते बघा तरी एकदा!"

"दाव की," मावशी म्हणाल्या.

उत्पलाने दोरीवरच्या ओढण्या भराभरा ओढल्या. मी नुकत्याच इस्त्री केलेल्या. माझा जीव कळवळला, पण कोणाला त्याचं काय?

आणि मग तिने दाखवलं. खोटं कशाला बोलू, मी इस्त्री खाली ठेवली आणि बघत बसले.

अंगातल्या साध्या पांढऱ्या कुर्त्यावर तिने बांधणीची ओढणी गळ्याभोवती एकदा फिरवली, पुढे सैल झोळ सोडला, आणि तो कुर्ता सणाचा दिसायला लागला. "ऑफिसला घालायचे कपडे असेच असतात, मावशी. साधे. सगळा जीव ओढणीने आणायचा." मग तीच ओढणी तिने लांबट घडी घालून कमरेला आवळली. "ढगळ कुर्ता असला की असा पट्टा." मग एक छोटा रेशमी चौकोन घेतला, तिरपी घडी, मानेला लहानशी गाठ, टोक कॉलरच्या आत. "हा जीन्स आणि शर्टवर." खादीचा जाड स्टोल साडीवर घेतात तसा घेतला, दोन्ही टोकं हातावर. "थंडीत शाल नको वाटते ना, तेव्हा." शेवटी स्कूटीचा बांधला. डोक्यावरून, नाकावरून, मागे गाठ, फक्त डोळे उघडे. पुण्याच्या मुली रोज बांधतात तोच, पण हिने बांधला तेव्हा त्यात एक डौल होता.

स्कार्फच्या आतून ती म्हणाली, "आता सांगा. काय कमी आहे?"

"काय बी न्हाई," मावशी म्हणाल्या.

उत्पलाने स्कार्फ तोंडावरून खाली ओढला. हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. 'कमी आहे' म्हटलं असतं तर ती भांडली असती. आता भांडणार कोणाशी?

"मग... ती का?"

मावशी पेरूच्या बिया ताटलीत काढू लागल्या.

"तुम्हाला पहिल्यापासून तीच आवडते," उत्पला म्हणाली. "मी आले की तुम्ही विचारायचात, रेणुका न्हाई आली? ती आली की तुम्ही कधी विचारलंत, उत्पला न्हाई आली?"

"तू नेहमी आधी यायचीस. इचारायचं कुणाबद्दल?"

"तेच तर! मी आधी यायचे. तिच्या आधी. दर वेळी."

तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. ती थांबली.

तेवढ्यात रेणुका आली.

ती मागच्या अंगणातून आली, हातात वाळलेल्या ओढण्यांचा ढीग, मान थोडी खाली. रेणुकाची मान नेहमीच थोडी खाली असते. गावात त्याचं फार कौतुक आहे. 'मावशींची गादी मिळाली तरी बघा, मान वर नाही,' असं बायका कालपासून बोलत होत्या.

उत्पलाला बघून ती एकदम फुलली. "अगं, कधी आलीस? कळवायचं तरी!"

"कशाला? तू स्वागताला आली असतीस?"

रेणुकाचा चेहरा पडला. तिने ढीग माझ्यापाशी ठेवला. आता सटकावं की थांबावं, ते तिला कळेना. मला तर थांबायचंच होतं.

"बरं झालं आलीस," मावशी रेणुकाला म्हणाल्या. "दोघी इथं उभ्या ऱ्हावा. शेजारी शेजारी."

उभ्या राहिल्या. मध्ये तिसरी मावेल एवढं अंतर ठेवून.

"डोळं मिटा. रोजचा पदर घ्या."

'रोजचा पदर' म्हणजे मावशींचा मूळ प्रकार. ओढणी खांद्यांवर टाकायची, एक टोक लांब ठेवायचं, ते गळ्याभोवती सैल फिरवायचं, चुण्या घालायच्या आणि खांद्यावरून मागे सोडायचं. टाचणी नाही, गाठ नाही. चांगला घेतला तर बाईने वाकून बादली उचलली तरी तो जागचा हलत नाही. पुढचे सगळे प्रकार यातूनच निघतात. ज्याला हा आला त्याला सगळं आलं, असं मावशी मानतात.

दोघींचे हात चालले. डोळे मिटलेले. एकाच वेळी उचलले, एकाच वेळी फिरवले, चुण्या एकाच लयीत पडल्या. मी बघत राहिले. एका आईने दोन मुलींना एकच गाणं शिकवावं तसं दिसत होतं.

पण हात खाली आले तेव्हा...

रेणुकाचा पदर डाव्या खांद्यावर होता. उत्पलाचा उजव्या.

"उघडा डोळं. आता एकमेकीकडं तोंड करा."

दोघी वळल्या. समोरासमोर उभ्या राहिल्यावर पदर बरोब्बर जुळला. चुणीसमोर चुणी, झोळासमोर झोळ. रेणुका आरशासमोर उभी असती तर समोर जे दिसलं असतं, ते उत्पला होती.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"ही माझी स्टाइल आहे," उत्पला पटकन म्हणाली. "उजवा पदर. लोक याला 'उत्पला पदर' म्हणतात. पुण्यात कितीतरी जणी आता असाच घेतात."

"कवापासनं हाय ही इष्टाईल?"

"पहिल्यापासून."

"भाजी ढवळताना पदर कढईत जात न्हाई?"

उत्पलाने पदर आणखी मागे सारला. नंतर कळलं की बायका तिला व्हिडिओखाली हेच लिहून विचारतात. ताई, स्कूटीची रेस पिळताना पदर मध्ये येतो, काय करू? ताई, फळ्यावर लिहिताना येतो. ती लिहायची, सवयीने जमेल.

"म्या शिकवायची तवा उभी कुठं ऱ्हायची?" मावशींनी विचारलं.

"मागे," उत्पला म्हणाली. "आमच्या मागे."

"आन् माझं हात?"

"आमच्या हातांवर."

हे खरं आहे. मावशी कधीच समोर बसून शिकवत नाहीत. कंपनीत त्या नटाच्या पाठीमागे उभं राहून नेसवायच्या, तीच सवय. मुलींच्या दोन रांगा समोरासमोर बसतात आणि मावशी एकेकीच्या मागे जाऊन तिच्या हातांवर हात ठेवतात. त्यांचा उजवा तो तुमचा उजवा, त्यांचा डावा तो तुमचा डावा. मागून शिकलेल्या बाईचा पदर डावीकडेच पडतो. उजवीकडे पडायचा एकच मार्ग आहे. मागच्या हातांकडे लक्ष न देता समोरच्या बाईकडे बघत बसायचं.

आणि उत्पलासमोर कोण बसायचं, ते मला आठवत होतं. तिलाही आठवलं असणार, कारण तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"माझं हात तुझ्या हातावर हुतं," मावशी म्हणाल्या. "तुझं डोळं कुठं हुतं?"

उत्पलाने पटकन नजर रेणुकावरून काढली.

"सांग की."

"तिच्यावर," उत्पला म्हणाली.

खोलीत नुसता इस्त्रीचा वास. मी बटण बंद केलं.

"मग तू माझी शिष्या न्हवंच," मावशी अगदी सहज म्हणाल्या. "तू हिची शिष्या. माझ्याकडनं तू एक चुणी बी घेतली न्हाईस."

मला वाटलं, आता ही बाई रडेल किंवा निघून जाईल. ती खाली बसली. जमिनीवर, पाय पसरून, लहान मुलीसारखी.

"हो," ती म्हणाली. "बघायचे मी तिच्याकडे. दुसरं काही दिसायचंच नाही मला. तिचा हात कुठे जातो, तुम्ही तिच्यामागे जास्त वेळ उभ्या राहता का, तिला 'बरं' म्हणता का... तिला 'बरं' म्हटलंत की मला घरी जेवण जायचं नाही. आजही तिने नवी ओढणी घेतली की मला माझं सगळं दुकान जुनं वाटतं. अख्खं दुकान, मावशी! ती शाळेत शिकवते, तिला दुकान नको, व्हिडिओ नको, काही नको. त्या काही नको असण्याचाच मला हेवा वाटतो. तिचं वाईट व्हावं असं नाही वाटत मला..." ती थांबली. "वाटतं. थोडं वाटतं."

रेणुका भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते उत्पलासाठी होतं की स्वतःसाठी, मला सांगता येणार नाही. तिने हळूच विचारलं,

"मावशी... मग माझं बरोबर आहे ना? मागून शिकले मी. दसऱ्याला तुमच्या जागी उभी राहीन तेव्हा माझं काही चुकायला नको. मी चुकले तर सगळ्या चुकीचंच शिकतील."

"मला काय ठाव?" मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्या तुझ्या मागं हुते. पुढनं म्या तुला कवा बघितलंय? जी समोर हुती तिला इचार."

रेणुका उत्पलाकडे वळली. या दोघी कधी एकमेकींशी असं बोलल्या नसाव्यात.

"उत्पला, चुकतं का गं काही माझं?"

उत्पलाने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं आणि लगेच विझलं. मी इतकी वर्षं लोकांची तोंडं बघत इस्त्री करते आहे. हिला काहीतरी माहीत आहे, हे मला तिथेच कळलं.

"नाही," उत्पला म्हणाली. "काही नाही चुकत."

"खरंच?"

"खरंच."

रेणुकाने सुटकेचा श्वास सोडला. मग ती कामाला लागली, कारण तिला स्वस्थ उभं राहता येत नाही. उत्पलाने ओढून विस्कटलेल्या ओढण्या तिने गोळा केल्या आणि दोरीवर टाकायला उजवा हात उंच केला.

दोरी उंच आहे. तिने टाचा उचलल्या, हात ताणला, आणि मान खाली घातली.

उत्पला हसली.

अगदी एवढंसं. ओठांच्या कोपऱ्यात. तिजोरी उघडून आत सगळं जागेवर आहे ना, ते बघितल्यासारखं.

मावशींनी ते पाहिलं. "काय बघितलंस?"

"काही नाही."

"मग हसलीस कशापायी?"

उत्पलाने नजर दोरीवरून काढून जमिनीकडे वळवली.

मावशींनी पेरूची शेवटची फोड उचलली, पण खाल्ली नाही. हातात धरून बसल्या. त्या घाई करत नाहीत. त्यांच्याइतकं निवांत गप्प बसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाहेर घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं. आपटणं थांबलं. पुन्हा सुरू झालं.

उत्पलाच्या आत काय चाललं असेल, ते मला दिसत होतं. तिच्याकडे दुकान होतं, नाव होतं, पण रेणुकापेक्षा वरचढ अशी एकच गोष्ट तिच्याकडे होती. ती तिने वर्षानुवर्षं कोणाला न सांगता जपली होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर तीच आठवून तिला बरं वाटत असेल. दसऱ्याला रेणुका सगळ्यांसमोर उभी राहील, हात वर करेल, आणि कोणाला कळो न कळो, उत्पलाला कळेल... एवढी मजा हातची घालवायची? मला तर नसती घालवता आली.

"तू मान खाली घालतेस," उत्पला म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की रेणुकाला ऐकूच आलं नाही. "काय म्हणालीस?"

"हात वर केलास की तुझा पदर सरकतो. पहिल्यापासून. तो पडू नये म्हणून तू हनुवटीने धरतेस. तुला कळतसुद्धा नाही. तीच सवय लागली आहे तुला, हात खाली असला तरी."

रेणुका दोरीपाशी तशीच उभी राहिली. तिने हनुवटीला हात लावला. खाली ओढणी होती. हनुवटी ओढणीवर टेकलेली होती.

"अगं बाई," रेणुका म्हणाली. "आणि लोक म्हणतात..."

"किती नम्र," उत्पला म्हणाली. "किती साधी. मान वर नाही बघा. मी ऐकते ना ते! ऐकते आणि जळते. मला माहीत असतं की ती नम्रता नाही, चुणी सैल आहे. पण सांगणार कोणाला? सांगितलं तर म्हणतील, हिच्या पोटात दुखतंय."

मला हसू आवरेना. मी तोंड खिडकीकडे केलं. पण मग पाहिलं तर रेणुकाही हसत होती, डोळे पुसत, आणि एकीकडे मान वर ठेवायचा प्रयत्न करत होती. मान वर केली की पदर सुटत होता.

"कुठली चुणी?" तिने विचारलं.

"पहिली. मानेजवळची."

"कशी घालू?"

उत्पला उठली. उठताना तिने एकदा मावशींकडे पाहिलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या, जणू या खोलीत त्यांचं काही कामच नाही.

उत्पला रेणुकाच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने रेणुकाच्या डाव्या खांद्यावरचा पदर हातात घेतला. हे करताना तिला विचार करावा लागला नाही. समोरून रेणुकाचा पदर कसा दिसतो, ते या जगात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने चुण्या सोडल्या. पहिली चुणी मानेच्या वळशाखाली बोटाने दडपली, बाकीच्या तिच्यावर बसवल्या, आणि तळहाताने एकदा खांदा थोपटला.

"तू टोकाकडून चुण्या घालत आणतेस," ती म्हणाली. "मानेकडून निघायचं. मी तसंच करते. तुझा सरकतो हे बघूनच मी माझं सुधारलं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं ना, वेडे."

उत्पलाने पहिली चुणी पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"हात वर कर," ती म्हणाली.

रेणुकाने हात वर केला. दोरीपर्यंत. टाचा उचलून. पदर जागचा हलला नाही.

आणि तिची मान सरळ राहिली. मी तिला इतकी वर्षं बघते आहे, पण तिची मान एवढी लांब आहे हे मला माहीत नव्हतं. ती उंच दिसायला लागली. सुंदर दिसायला लागली, सरळ सांगायचं तर. साध्या फिक्या कुर्त्यावर शाळेत घालायची जुनी सुती ओढणी, आणि बाई राणीसारखी उभी. मावशींच्या जागी उद्या कोणी उभं राहायचं असेल तर असंच राहायला हवं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

रेणुकाला ते कळलं नाही. ती हात वर-खाली करून बघत होती आणि हसत होती. "नाही सरकत! मावशी, बघा, नाही सरकत!"

उत्पलाला कळलं.

ती दोन पावलं मागे सरली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघवत नव्हतं. आपल्याच हाताने आपलं घर दुसऱ्याला देऊन रस्त्यावर आलेली बाई जशी दिसेल, तशी ती दिसत होती. तिने स्वतःच्या उजव्या खांद्यावरचा पदर ओढून काढला आणि ओढणी हातात गोळा केली. ती कुठे ठेवावी तेही तिला सुचेना.

"मी हे सांगायला नको होतं," ती म्हणाली. कोणालाच नाही.

रेणुकाचं हसू थांबलं. तिने पुढे होऊन उत्पलाचा दंड धरला. उत्पलाने तो सोडवून घेतला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

"दुकान आहे माझ्याकडे," उत्पला म्हणाली. "पण तिथे मी जे शिकवते ते उलटं आहे. नाव आहे, तेही उलट्याचंच. आणि हे एक होतं माझं, खास माझं, तेही आता तिचं झालं." तिने मावशींकडे पाहिलं. ती आता रडत होती, उघडउघड, नाक ओढत. "मावशी, माझ्याकडे आता काहीच उरलं नाही."

मावशींनी हातातली फोड ताटलीत ठेवली. हात पदराला पुसले. मग खाटेच्या कडेला धरून त्या उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. मी पुढे झाले, पण त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

त्या चालत गेल्या आणि उत्पलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपले थरथरते हात तिच्या हातांवर ठेवले.

उत्पलाने डोळे मिटले.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "आता तुला शिकवायला हरकत न्हाई."